खोली नंबर 14

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वृद्धाश्रमात ठेवलं त्याला 3 नोव्हेंबरला सहा महिने झाले. मार्चमध्ये मी रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर शोधत बसायचे, तेव्हा फी किती, जेवण कसं, डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात एवढंच सापडायचं. खोलीबद्दल कुणीच काही लिहिलेलं नव्हतं. पार्किन्सन्स (कंपवात) झालेला माणूस दिवसातले अठरा-वीस तास त्या चार भिंतींत असतो. ती खोली त्याला आपली वाटावी आणि धडही राहावी, यासाठी काय काय करावं लागलं ते क्रमाने लिहिते. मार्चमध्ये मी जिथे होते तिथे आज दुसरं कुणीतरी असणार.

अण्णा 79 वर्षांचे. 1968 ते 2004 एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत होते, गाड्यांच्या बॉडीच्या कामाला. पत्रा, रिव्हेट, सीट, खिडक्यांच्या काचा यात सगळी नोकरी गेली. आई 2022 मध्ये गेली, त्यानंतर दापोडीच्या घरी ते एकटेच राहत होते. पार्किन्सन्सचं निदान त्याआधीच झालं होतं. गेल्या वर्षापासून चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे होऊ लागले, विशेषतः दारात. 11 फेब्रुवारीला पहाटे ते बाथरूमच्या उंबऱ्यावर अडकले आणि पडले. मोडलं काही नाही, पण शेजारच्यांनी दार वाजवेपर्यंत ते तास-दीड तास तसेच पडून होते. ती गोष्ट मी अजून मनातून काढू शकलेले नाही.

आम्ही चिंचवडला दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. सासूबाई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेल्या. दादा बंगळूरला. अण्णांना आमच्याकडे आणून पाहिलं, तीन आठवडे. चोवीस तासांची बाई ठेवली होती, ती दहाव्या दिवशी सोडून गेली. शेवटी अण्णाच म्हणाले, "माझी कुठेतरी नीट सोय बघ." ते किती विचार करून बोलले असतील ते मला त्यांच्या आवाजावरून कळलं. नातेवाइकांपैकी दोघा-तिघांनी "टाकलं म्हणायचं का मग अण्णांना?" असं विचारलं. त्यावर मी काही बोलले नाही. हे ऐकावं लागतं, तयारी ठेवा.

1 मार्चपासून शोध सुरू केला. ज्येष्ठ नागरिकांसाठी सरकारची 14567 ही मोफत हेल्पलाइन आहे, एल्डरलाइन म्हणतात तिला. सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते. तिथे फोन केला की आपल्या भागातल्या वृद्धाश्रमांची माहिती मिळते. मी एकूण पाच ठिकाणं पाहिली, सगळी पुण्याच्या आसपासची. पहिल्या दोन ठिकाणी सकाळी अकराला गेले, सगळं चकाचक. तिसऱ्या ठिकाणी रस्ता चुकल्यामुळे दुपारी चारला पोहोचले, तेव्हा बाथरूममधून येणारा वास कॉरिडॉरपर्यंत होता. त्यानंतर मुद्दाम दुपारीच जात राहिले. सकाळची सफाई सगळीकडेच होते. दुपारची होते का, ते बघायला हवं.

चौथं ठिकाण सगळ्यात स्वच्छ आणि सगळ्यात महाग होतं. तिथल्या एकाही खोलीत भिंतीवर फोटो नव्हता, खिडकीत तांब्या नव्हता, खुर्चीवर कुणाचा पंचा नव्हता. कारण विचारलं तर म्हणाले, वस्तू असल्या की साफसफाईला अडचण होते. मी तिथून निघाले आणि रिक्षात बसून रडले. इतक्या नेटक्या जागेचं वाईट का वाटावं हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. अण्णा तिथे गेले असते तर त्यांच्याबद्दल काहीही न सांगणाऱ्या खोलीत राहिले असते.

पाचवं ठिकाण तळेगावच्या बाजूला. इमारत जुनी, रंग उडालेला. पण एका दारावर तोरण होतं, एका खिडकीत तुळशीची कुंडी, आणि ऑफिसच्या टेबलावर दुरुस्तीचं रजिस्टर. मी ते चाळायला मागितलं आणि मॅनेजर मॅडमनी लगेच दिलं. तारीख, खोली नंबर, तक्रार, काम झाल्याची तारीख, सही. "खोली 6, नळ गळतो, 3 दिवस." "खोली 11, ट्यूब, त्याच दिवशी." काही नोंदींसमोर काम झाल्याची तारीख रिकामी होती, आणि तेही लपवलेलं नव्हतं. मी ती जागा त्या रजिस्टरवर निवडली. तुम्ही कुठे बघायला गेलात तर हे रजिस्टर मागा. नसेलच तर तक्रार कुठे लिहायची ते विचारा.

दोघांत एक खोली 19,000 रुपये महिना, स्वतंत्र 27,000. अनामत दीड लाख, सोडताना परत मिळणार, खोलीच्या नुकसानीचे पैसे कापून. स्वतंत्र खोली घेतली. दादा निम्मे देतो. अण्णांचं ईपीएस-95 चं (भविष्य निर्वाह निधीच्या योजनेचं) पेन्शन औषधांनाही पुरत नाही, हे एसटीतल्या लोकांना सांगायला नको.

एप्रिल कागदपत्रांत गेला. आधार, सहा फोटो, छातीचा एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, संसर्गजन्य आजार नसल्याचं डॉक्टरांचं पत्र, दोन हमीदार (एक स्थानिक), आणि स्टॅम्प पेपरवर करार. मी 100 चा स्टॅम्प आणायला गेले तर विक्रेता म्हणाला, ऑक्टोबर 2024 पासून करारासाठी 500 च्या खालचा चालत नाही. नोटरीचे वेगळे 300. करारातलं एक कलम मी वाचलं म्हणून कळलं: भिंतीला खिळा ठोकायचा नाही, ठोकल्यास प्रत्येकी 200 रुपये दंड. सही करायच्या आधी मी मॅडमना विचारलं की मग फोटो लावायचे कुठे. बोलून बोलून असं ठरलं की त्यांचा सुतार दारासमोरच्या भिंतीवर पाच फुटांची एक लाकडी पट्टी चार स्क्रूंनी बसवेल आणि जे काही टांगायचं ते त्या पट्टीवरच. पट्टी आणि मजुरी मिळून 850 रुपये, आमच्याकडून. हे करारावर हाताने लिहून दोघींनी सही केली. तोंडी ठरलेलं सगळं असंच लिहून घ्या. माणसं वाईट नसतात, पण मॅनेजर बदलतात.

खोली लावायला मी 1 मेला गेले, सुट्टी होती म्हणून. आणि इथे माझं चुकलं. अण्णांना सगळं नवीन द्यायचं असं मी ठरवलं होतं. नवीन चादरी, जुळत्या रंगाचे पडदे, नवीन स्टीलचा सेट, दारात मऊ पायपुसणं, मेजावर कापडी फुलं. साडेसहा हजार खर्च झाले. 3 मेला, शनिवारी, अण्णांना घेऊन गेलो. ते दारात थांबले, आत पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे. पंढरपूरला आपण ज्या लॉजवर उतरलो होतो तशी आहे."

त्यांनी तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं. पण मला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी दापोडीचं घर उघडलं आणि या वेळी त्यांच्या दिवसाच्या क्रमाने वस्तू गोळा केल्या. उठल्यावर हात कुठे जातो? चष्म्याच्या डब्याकडे, जो खरं तर नानकटाईचा जुना पत्र्याचा डबा आहे. मग? तांब्या-भांडं. मग रेडिओ, आकाशवाणी पुण्यावर लावलेला, त्याची चकती वर्षानुवर्षं हललेली नाही. बसायची ती हातांची लाकडी खुर्ची. कालनिर्णय, ज्याच्या मागच्या बाजूला दूध आणि गॅसच्या तारखा लिहायची आईची सवय त्यांनी पुढे चालवली आहे. निवृत्त होताना सेक्शनमधल्या लोकांनी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ. आईच्या दोन साड्यांची गोधडी. आईचा फोटो. नवीन चादरी मी घरी घेऊन आले, पडदे तेवढे ठेवले.

हातांची खुर्ची नेली ते फार बरं झालं, हे नंतर फिजिओथेरपिस्टनेही सांगितलं. पार्किन्सन्समध्ये उठताना हातांवर जोर देता आला पाहिजे, खोल आणि मऊ सोफ्यातून उठता येत नाही. माझं मऊ पायपुसणं मात्र तिने पहिल्या भेटीतच उचलून बाहेर ठेवलं. पाय घासत चालणाऱ्या माणसाच्या वाटेत चटई, पायपुसणं, वायर काहीही नको. तिथली कॉट 23 इंच उंच होती, हॉस्पिटलची. अण्णा कडेला बसले की पाय लोंबकळायचे. आम्ही टेप घेऊन मोजलं: बसल्यावर तळवे पूर्ण टेकायला 18 इंच हवेत. स्टोअरमध्ये जुनी लोखंडी कॉट होती, ती तिथल्या मदतनीस मामांनी काढून दिली आणि गंज घासून रंगवली. फुकट झालं, दोन आठवडे लागले.

आणि पट्ट्या. पाय अडकतात तेव्हा समोर जमिनीवर आडवी रेघ असली की ती ओलांडायला पाय उचलला जातो. कारण काही का असेना, अण्णांच्या बाबतीत हे डोळ्यांसमोर घडलं. फिजिओने कॉटपासून बाथरूमपर्यंत पिवळ्या टेपच्या सहा आडव्या पट्ट्या चिकटवल्या, पावला-पावलाच्या अंतराने, एक बरोबर उंबऱ्याच्या अलीकडे. अण्णा उंबऱ्याशी आले, थबकले, खाली पाहिलं आणि पलीकडे गेले. मी तिथे उभी होते. फेब्रुवारीपासून छातीवर जे ओझं होतं ते त्या क्षणी थोडं हललं.

तिसऱ्या दिवशी पट्ट्या गायब. सफाईच्या मावशींनी घासून काढल्या होत्या. ओल्या फडक्याने कडा सुटतात, त्यात काळं साचतं, त्यांना वाटलं कुणीतरी घाण केली आहे. त्यांची काहीच चूक नव्हती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग कारखान्यात जमिनीवर लावतात ती जाड टेप आणली (एक रोल 240 रुपये) आणि अण्णांनी सांगितलं की कोपरे गोल काप, चौकोनी कोपरा आधी उचलतो. बसच्या पत्र्याचं ज्ञान. गोल कोपऱ्यांच्या पट्ट्या तीन-तीन महिने टिकतात. शिवाय कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवला, मोठ्या अक्षरात, तिन्ही पाळ्यांसाठी: पट्ट्या काढू नयेत. खुर्ची खिडकीकडे तोंड करून. चष्म्याचा डबा उशाशी उजवीकडे. सिंडोपाची (पार्किन्सन्सची) गोळी जेवणाआधी अर्धा तास, वेळ चुकवू नये. रेडिओची चकती फिरवू नये. आतल्या बाजूला अशासाठी की येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावं असं ते नाही. अण्णांचा मान आहे.

देव्हाऱ्यात दिवा लावायला परवानगी मिळाली नाही. शेजारच्या खोलीत ऑक्सिजन असतो, त्यामुळे ते मला पटलंही. बॅटरीवरचा दिवा आणला. अण्णांना तो आवडत नाही, तरी ते सात वाजता बटण दाबून नमस्कार करतात.

हत्यारांवरून मात्र ताणाताणी झाली. अण्णांची पत्र्याची पेटी मी न विचारता नेली होती. त्यात हातोडी, पक्कड, करवतीचं पातं, पाने. मॅडमनी ती ऑफिसात ठेवून घेतली. अण्णा दोन दिवस फारसं बोलले नाहीत. मी आधी मॅडमच्या बाजूने विचार करून पाहिला: हात थरथरतात, शेजारी विसराळू माणसं आहेत, काही झालं तर जबाबदार त्या. मग डॉक्टरांना विचारलं, त्यांनी लेखी दिलं की बारीक हत्यारं हाताळणं हाताला चांगलंच आहे. शेवटी एक यादी झाली: दोन स्क्रू ड्रायव्हर, 10-11 चा आणि 12-13 चा पाना, तेलाची कुपी, टेप. बाकीचं सामान माझ्या घरी. यादीवर तिघांच्या सह्या. पेटी कपाटात, किल्ली अण्णांच्या गळ्यातल्या दोऱ्यात आणि दुसरी ऑफिसात.

यंदा, 2025 मध्ये, पाऊस मेमध्येच आला. 26 मेला मान्सून मुंबई-पुण्यात पोहोचला, आणि त्याच आठवड्यात अण्णांच्या कॉटशेजारच्या भिंतीला, बाथरूमच्या बाजूने, खाली ओल दिसू लागली. 28 तारखेला मी रजिस्टरमध्ये लिहिलं. 2 जूनला रंगारी आला आणि वरून रंगाचा हात मारून गेला. आठवड्यात रंग फुगला, पोपडे सुटले, खोलीत कुबट वास. गोधडी दमट लागायची. मी फोन केला की एकच उत्तर: पावसाची ओल आहे, पावसाळा संपला की वॉटरप्रूफिंग करू. म्हणजे ऑक्टोबर. चार महिने अण्णांनी त्या भिंतीला टेकून झोपायचं.

मी चिडले होते. अण्णा चिडले नव्हते. त्यांनी मला चमच्याने भिंत वाजवायला सांगितली, खालून वर, हातभर अंतराने. खाली बद्द आवाज, वर टणक. "पाणी वरून आलं असतं तर वर ओल असती," ते म्हणाले. मग मला पेन्सिल घ्यायला लावली आणि ओलीची जिथे कड होती तिथे बारीक रेघ मारून तारीख लिहायला सांगितली. 12 जून. पुढच्या भेटीत दुसरी रेघ, 15 जून. मी नव्हते तेव्हा मावशींनी मारल्या, त्यांनाही त्यात रस वाटू लागला होता. प्रत्येक रेघेशेजारी अण्णांनी वाकड्या, बारीक होत गेलेल्या अक्षरात (या आजारात अक्षर लहान होत जातं) लिहिलं: पाऊस आहे, पाऊस नाही. मधे चार दिवस चांगली उघडीप मिळाली. त्या चार दिवसांतही ओल दोन बोटं वर सरकली होती.

23 जूनला मी मॅडमना खोलीत बोलावून ती भिंत दाखवली. भांडले नाही, तारखा वाचल्या फक्त. त्या बराच वेळ भिंतीकडे बघत राहिल्या आणि तिथूनच प्लंबरला फोन केला. दुसऱ्या दिवशी प्लंबरने अण्णांच्या सांगण्यावरून आधी गिझरकडे जाणारा व्हॉल्व्ह चोवीस तास बंद ठेवला. रेघ हलली नाही. मग दोन टाइल्स काढल्या. गरम पाण्याच्या लाइनचा एल्बो (पाइपच्या वळणाचा तुकडा) जोडावर झिरपत होता, थेंब थेंब. पाइप बदलायला तीन तास लागले. तक्रारीपासून दुरुस्तीपर्यंत 28 दिवस. खर्च संस्थेचा. करारात नळ-पाइप त्यांच्याकडे आणि आमच्यामुळे झालेलं नुकसान आमच्याकडे असं स्पष्ट लिहिलेलं होतं म्हणून वाद झाला नाही.

पण दुरुस्तीनंतरचे चार दिवस, नवा गिलावा वरवर वाळेपर्यंत, अण्णांना खोली नंबर 9 मध्ये हलवलं. तिथे पट्ट्या नव्हत्या, कॉट उंच, खिडकी उलट्या बाजूला. दुसऱ्याच रात्री ते दारात अडकले. मामा जवळ होते म्हणून पडले नाहीत. त्यांना वेळ कळेना, दापोडीच्या घरी आहोत असं समजून आईला हाक मारली. मला वाटलं आजार एकदम वाढला. डॉक्टर म्हणाले, जागा बदलल्याने असं होतं, परत नेल्यावर बघू. 14 मध्ये परत आल्यावर दोन दिवसांत ते पूर्ववत झाले. तात्पुरतं हलवायची वेळ आली तर आधी पट्ट्या, घड्याळ, खुर्ची आणि तांब्या हलवा, मग माणूस. हे आम्हाला सुचलं नव्हतं.

भिंतीला रंग लगेच दिला नाही. अण्णांनीच देऊ दिला नाही. गिलावा आतून वाळायला हवा, नाहीतर परत पोपडे. तीन आठवडे राखाडी चट्टा तसाच होता. रंग द्यायच्या दिवशी मी म्हटलं, पेन्सिलच्या रेघा जातील आता. त्यांनी मान हलवली. मी मोबाइलवर फोटो काढून ठेवला आहे.

जुलैत गोधडी हरवली. धुवायला गेली ती आलीच नाही. कपड्यांवर नंबर घालायचा नियम होता आणि मी तो पेनने घातला होता, कपड्यांवर न जाणाऱ्या शाईचं पेन, 60 रुपयांचं. चार-पाच धुण्यांत 14 चा नुसता पिवळा डाग उरला. नऊ दिवसांनी गोधडी सापडली, खोली 3 मधल्या आजींच्या पायांवर. त्या काही केल्या सोडेनात, त्यांना ती त्यांचीच वाटत होती. मावशींनी त्यांच्याशी बोलत बोलत दुसरी रजई घालून ती काढून आणली. मी घरी नेऊन लाल दोऱ्याने 14 काढले, मोठे, चारही कोपऱ्यांत. पुढच्या महिन्यात आईच्या उरलेल्या साडीची एक छोटी गोधडी शिवून खोली 3 मध्ये दिली. त्या आजींना माझं नाव माहीत नाही, "दापोडीवाली" म्हणतात.

ऑगस्टपासून कामं बारीक झाली. बाथरूमच्या दाराची आतली कडी काढून बाहेरूनही उघडता येईल अशी बसवली, 320 रुपये. दार आत उघडायचं ते बाहेर उघडेल असं फिरवून घेतलं. माणूस आत दाराला लागूनच पडला तर आत उघडणारं दार उघडताच येत नाही, हे मला फेब्रुवारीत कळलं होतं. पांढऱ्या टाइल्स, पांढरा कमोड, पांढरी भिंत, त्यात अण्णांना कड दिसायची नाही, म्हणून स्टीलच्या दांड्याला निळी टेप गुंडाळली आणि निळीच बादली ठेवली. रात्री जमिनीलगत पिवळा छोटा दिवा. या सगळ्याला मिळून बाराशेच्या आत खर्च आला. मी मे महिन्यात चादरींवर उडवले त्याच्या पाचवा हिस्साही नाही.

1 ऑक्टोबरला खंडेनवमी होती. कार्यशाळेत त्या दिवशी हत्यारांची पूजा असायची आणि लहानपणी अण्णा मला घेऊन जायचे: धुतलेल्या मशिनी, झेंडूच्या माळा, तेलाचा आणि उदबत्तीचा एकत्र वास. या वर्षी मी शाळेत अर्धी रजा टाकली आणि झेंडू घेऊन गेले. पाटावर पांढरं फडकं, त्यावर दोन स्क्रू ड्रायव्हर, दोन पाने, तेलाची कुपी. प्रत्येकाला हळद-कुंकवाचं बोट लावायला अण्णांना बराच वेळ लागला. बोट पान्यापर्यंत पोहोचेपर्यंत थरथरत दुसरीकडे जायचं, ते परत आणायचे. मी हात पुढे केला तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. दारात मावशी, मामा, प्लंबर आणि शेजारच्या खोलीतले गुरुजी उभे होते. प्लंबरने खिशातून आपला पाना काढून पाटावर ठेवला.

गेल्या आठवड्यात पेन्शनसाठी लागणारा हयातीचा दाखला केला. ईपीएसवाल्यांना तो वर्षात कधीही देता येतो आणि दिल्यापासून वर्षभर चालतो, नोव्हेंबरची गर्दी करायची गरज नाही. अण्णांचे ठसे पत्र्याच्या कामाने झिजलेले, यंत्र घेतच नाही. म्हणून मोबाइलवर चेहरा दाखवून केला. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी अशी दोन अ‍ॅप लागतात. त्यात डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात, आणि पार्किन्सन्समध्ये नेमकी पापणीच कमी लवते. बँकेत केला असता तर मागच्या रांगेने ओरडा केला असता. इथे खुर्ची खिडकीसमोर होती, सकाळचा उजेड तोंडावर, घाई कुणालाच नव्हती. सहाव्या वेळी झाला. फोटो काढताना कोवळं ऊन समोर असू द्या, ट्यूबलाइट मागे नको.

रजिस्टरमध्ये आमची एक नोंद सध्या बाकी आहे. "खोली 14, खिडकीच्या जाळीची पट्टी सुटली आहे, डास येतात, 6 नोव्हेंबर." सुतार सोमवारी येतो म्हणाला आहे. अण्णांच्या मते त्याने मागच्या वेळी लांबीला कमी पडणारे स्क्रू वापरले. त्यांनी हवा तसा एक नमुन्याला वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून माझ्या पर्समध्ये घातलाय, त्या मापाचे आठ घेऊन जायचे आहेत.